कॅलिफोर्नियातली अंडी

संपादक महोदय, नमस्कार.

मी कॅलिफोर्नियात राहते आणि इथे अंडी महागली की आमच्या मराठी ग्रुपवर सगळे लगेच कोंबड्यांच्या कायद्याला शिव्या घालतात, म्हणून लिहितेय. 2008 ला लोकांनी मतदान करून ठरवलं की कोंबडीला पंख पसरता आले पाहिजेत, पण मग इथलेच पोल्ट्रीवाले ओरडले की बाहेरच्या राज्यांतली पिंजऱ्यातली स्वस्त अंडी येणार आणि आम्ही बुडणार. मुद्दा बरोबरच होता त्यांचा! म्हणून 2010 मध्ये विक्रीचाही कायदा झाला, तो 2015 पासून लागू, अंडं कुठेही घातलेलं असो, इथे विकायचं तर नियम तेच. 2018 च्या प्रपोझिशन 12 ने (हाही लोकांनी मतदान करून केलेला कायदा) तर 2022 पासून पिंजरेच बंद केले. नेहमीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीला जेमतेम 67 चौरस इंच मिळतात हो, वहीच्या पानाहून कमी! 2025 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने याच कायद्यांवर केस टाकली, म्हणे यांच्यामुळे अंडी महागली. आणि बर्ड फ्लूने एवढ्या कोंबड्या गेल्या त्याचं काय? कायद्याने थोडा खर्च वाढतो, ते मला मान्य आहे, पण मी ते दोन पैसे देते.

– एक वाचक, कॅलिफोर्निया