एसीच्या तुलनेत ४६ अंशांचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत महागड्या एसींच्या तुलनेचे तक्ते येऊ लागतात. किती तारे, किती टन, आवाज किती, वाय-फाय आहे का, किंमत काय. पुण्या-मुंबईकडच्या वाचकाचे त्यावर भागत असेल. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या वाचकाला मात्र एकच गोष्ट आधी कळायला हवी आणि नेमकी तीच या तक्त्यांत नसते: बाहेर ४६ अंश असताना हे यंत्र किती थंड करते आणि त्यासाठी किती वीज ओढते?

एसीवर लिहिलेली क्षमता बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून मोजलेली असते. या चाचणीला टी-१ म्हणतात. वाळवंटी प्रदेशांसाठी वेगळी टी-३ चाचणी आहे, बाहेर ४६ आणि आत २९ अंशांची. सौदी अरेबियाच्या मानकात दोन्ही तापमानांवरची कार्यक्षमता मोजावी लागते. आपल्याकडच्या ताऱ्यांमागचा आयएसईईआर हा आकडा (मोसमभरात दिलेला थंडावा भागिले खाल्लेली वीज) वर्षाला १,६०० तास धरून, २४ ते ४३ अंशांच्या तापमानांवर काढलेला असतो. ४३ च्या वरचा एकही तास त्यात नाही. मे महिन्यात दुपारी ४३ ओलांडणे ही नागपुरात बातमीसुद्धा होत नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. (मे २०२४ मध्ये गाजलेले ५६ अंश हा सेन्सरचा दोष होता. त्या आकड्याच्या भीतीने कोणी दोन टनाचा एसी घेऊ नये.)

आता 'दीड टन' म्हणजे किती ते पाहू. हिशेबाने दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॉट थंडावा (हे विजेचे वॉट नव्हेत). पण दीड टन म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांच्या लेबलवर ४,८०० ते ५,२०० वॉट असतात. ५,००० चे यंत्र धरा. ४६ अंशांवर क्षमता साधारण १० ते २० टक्के घसरते. १५ टक्के धरले तरी उरतात ४,२५० वॉट, म्हणजे दीड टनाचे पैसे मोजलेला एसी भर नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) सव्वा टनालाही पुरा भरत नाही. वीज मात्र जास्तच खातो. त्यामुळे दुकानात टन विचारण्याऐवजी लेबलवरचे वॉट वाचावेत आणि ताऱ्यांऐवजी आयएसईईआरचा आकडा पाहावा. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होतात; जुन्या साठ्यातले पाच तारे आणि नव्या तक्त्यातले पाच तारे सारखे नसतात. लेबलचा कालावधी लेबलवरच छापलेला असतो.

क्षमता का घसरते? आउटडोअरला उष्णता बाहेर टाकायची तर आतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बारा-चौदा अंशांनी तरी गरम असावा लागतो. म्हणजे ६० अंशांच्या आसपास. या तापमानाला हल्लीच्या एसींतल्या आर-३२ गॅसचा दाब सुमारे ३९ बार होतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा). जुन्या आर-२२ चा २४ च्या आसपास असे. एवढ्या दाबावर इन्व्हर्टर एसीतले, कॉम्प्रेसरचा वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड स्वतःला सांभाळण्यासाठी कॉम्प्रेसरचा वेग उतरवते. दुपारी तीनला 'एसी चालू आहे, पण खोली २८ च्या खाली जात नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते, गॅस कमी झाल्यामुळे नाही. गॅसगॅसमध्येही फरक आहे. आर-४१०ए चे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबले तरी गॅसचा द्रव होत नाही) सुमारे ७१ अंश, आर-३२ चे ७८, तर गोदरेज वापरत आलेल्या आर-२९० चे, म्हणजे प्रोपेनचे, सुमारे ९७. हा आकडा जितका वर, तितकी भर उन्हातली घसरण कमी. प्रोपेन सहज पेट घेणारा असल्याने त्याचे भरण मोजकेच ठेवतात. त्याला हात लावणारा मिस्त्री प्रशिक्षितच हवा.

'५४ अंशांपर्यंत चालतो' अशी पाटी आता बऱ्याच यंत्रांवर असते. तेवढ्या उन्हात यंत्र बंद पडणार नाही, इतकाच तिचा अर्थ. किती थंड करेल ते ती सांगत नाही. डायकिन, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, ओ जनरल, हिताची, कोणतेही नाव घ्या, विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा क्षमता-तक्ता मागावा. त्यात बाहेरच्या ३५, ४०, ४६ अंशांसमोर वॉट दिलेले असतात. अभियंत्यांसाठीच्या डेटा-बुकात तो बहुधा सापडतो. जो विक्रेता तो आणून देतो, त्याच्याकडची किंमत हजार-दोन हजारांनी जास्त असली तरी तिथूनच घ्यावे, असे आमचे मत आहे.

अर्थात मोठे यंत्र घेण्याआधी स्लॅबकडे पाहावे. वरच्या मजल्यावरची १२ बाय १४ फुटांची खोली म्हणजे १५.६ चौरस मीटर छत. उघड्या काँक्रीट स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण ३.५ वॉट उष्णता आत येते. उन्हाचा परिणाम जमेस धरून दुपारनंतरचा फरक ३० अंशांचा मानला तर १५.६ गुणिले ३.५ गुणिले ३०, म्हणजे सुमारे १,६४० वॉट. जवळजवळ अर्धा टन नुसत्या छताचा! गच्चीवर ५० मिमी जाडीचे फोमचे इन्सुलेशन, वर कोबा आणि पांढऱ्या टाइल्स घातल्या की हाच भार अडीचशे वॉटच्या आत येतो. नुसता पांढरा परावर्तक रंगही बरेच काम करतो, मात्र त्यावर धूळ बसली की गुण जातो. दरवर्षी उन्हाळ्याआधी गच्ची धुवावी लागते. स्लॅब तसाच ठेवून एक टन वाढवणाऱ्याने ती उष्णता विकत घेतलेली असते, हप्त्याहप्त्याने.

आता प्रणालींकडे. बंगल्यासाठी हल्ली मल्टी-स्प्लिट आणि व्हीआरएफ सुचवले जातात (व्हीआरएफ म्हणजे एका मोठ्या आउटडोअरवरून प्रत्येक खोलीला गरजेपुरता गॅस पुरवणारी प्रणाली; व्हीआरव्ही हे डायकिनचे व्यापारचिन्ह, प्रकार तोच). मल्टी-स्प्लिटमध्ये एका आउटडोअरवर तीन-चार खोल्या असतात आणि आतल्या युनिटांची बेरीज आउटडोअरपेक्षा जास्त ठेवण्याची रीत आहे. सगळ्या खोल्या एकाच वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, हे त्यामागचे गृहीतक. नागपुरात मेच्या रात्री दहाला सगळ्याच चालतात. तेव्हा इथे ही बेरीज आउटडोअरच्या ४६ अंशांवरच्या क्षमतेइतकीच ठेवावी. शिवाय ते एक आउटडोअर बंद पडले की सगळे घर तापते आणि मेमध्ये मिस्त्री त्याच दिवशी येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. जागा अगदीच अपुरी असेल तरच मल्टी-स्प्लिट घ्यावा.

आठ एचपीचे व्हीआरएफ म्हणजे २२.४ किलोवॉट, सुमारे ६.४ टन. पाच-सहा खोल्या, थ्री-फेज जोडणी आणि लांब पाइप असलेल्या घराला ते शोभते. त्याचे दुखणे रात्री कळते. एकाच बेडरूमचा भार अर्ध्या-पाऊण टनाचा आणि कॉम्प्रेसर तितका खाली उतरू शकत नाही, मग तो चालू-बंद होत राहतो आणि वाचवायला घेतलेली वीज तिथेच जाते. म्हणून किमान क्षमता किती, हे कमाल क्षमतेइतकेच आग्रहाने विचारावे. ज्या घरात रात्री दोनच खोल्या वापरात असतात, तिथे वेगवेगळे इन्व्हर्टर स्प्लिट हिशेबात आणि दुरुस्तीतही सरस ठरतात. डक्टवाला एसी, म्हणजे छतातल्या हवेच्या नळातून थंड हवा देणारा, सर्वांत देखणा. पण वरच्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या पोकळीत, तापलेल्या स्लॅबखालून डक्ट न्यायचा असेल तर त्याचे इन्सुलेशन आणि सांधे तपासल्याशिवाय छत बंद करू देऊ नये.

कूलरला नावे ठेवायचे कारण नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो. बाहेर ४४ आणि ओल्या फुग्याचे तापमान (ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचे, हवा जितकी कोरडी तितके कमी) २४ असेल, ताट्या नीट भिजत असतील, तर २८ अंशांची हवा मिळते. घोटाळा होतो तो हॉलमध्ये कूलर आणि लागून असलेल्या बेडरूममध्ये एसी असतो आणि मधले दार उघडे राहते तेव्हा. कूलरची ओल एसी पाणी करून नळीतून बाहेर टाकत बसतो आणि खोली थंड करायला त्याच्याकडे ताकद उरत नाही.

महागडे यंत्र सर्वांत जास्त वाया जाते ते आउटडोअरच्या जागेमुळे. जाळ्या आणि काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत आउटडोअर आपलीच गरम हवा परत ओढते. बाहेर ४४ असताना त्याच्या तोंडाशी ५० च्या वर अंश असतात. अपार्टमेंटच्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या अरुंद उभ्या पोकळीत, एकावर एक आठ आउटडोअर टांगली की वरच्याला खालच्या सातांची वाफ मिळते. गच्चीवर उन्हात ठेवलेले, पण चारी बाजूंनी मोकळे युनिट त्यापेक्षा बरे. सावली करायची तर छप्पर उंच आणि बाजू उघड्या हव्यात. युनिटला टेकवून बांधलेला हिरवा नेट त्याचा श्वास कोंडतो. आउटडोअरवर फवारे मारण्याचे किट हल्ली बसवतात. बोअरच्या पाण्यावर ते चालवू नये. क्षार कॉइलच्या पातळ पत्र्यांवर बसतात आणि एका मोसमात कॉइल पांढरी पडते.

बसवताना तीन गोष्टी समोर उभे राहून करून घ्याव्यात. पाइप जोडल्यावर नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहणे. मग पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे उरलेल्या दाबाचे माप) व्हॅक्युम करणे, म्हणजे पाइपातली हवा आणि ओल ओढून काढणे, आणि पंप बंद केल्यावर काटा चढत नाही याची खात्री करणे. शेवटी पाइप कंपनीने सांगितलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेत दिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरणे. घाईत असलेला मिस्त्री पंप आणतच नाही. व्हॉल्व्ह क्षणभर उघडून यंत्रातल्याच गॅसने हवा बाहेर हाकलतो. आत राहिलेली हवा थंड होऊन द्रव बनत नाही, नुसता दाब वाढवते. ओल कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करते. मार्चमध्ये बसवलेला असा एसी एप्रिलपर्यंत छान चालतो आणि मेमध्ये ट्रिप होऊ लागतो. मग 'गॅस कमी आहे' म्हणून गेज (दाबमापक) लावून आणखी गॅस भरला जातो, दाब आणखी चढतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलता असल्याने नुसत्या गेजवरून गॅस ठरवताच येत नाही.

विजेची बाजू थोडक्यात: दीड-दोन टनाला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमी तांब्याची वायर, सी-कर्व्ह एमसीबी (यंत्र सुरू होतानाचा झटका सोसणारा संरक्षक स्विच) आणि खरे अर्थिंग. 'स्टॅबिलायझर नको' या दाव्यामागे व्होल्टेजची एक मर्यादा असते, ती पुस्तिकेत पाहावी आणि रात्री दहाला आपल्या घरचे व्होल्टेज मोजावे. आउटडोअरचे कार्ड बंद धातूच्या पेटीत आहे का हेही पाहावे. उबेला आलेली पाल दोन टोकांवर पडली की कार्ड जळते आणि असे नुकसान वॉरंटीत बसेलच असे नाही.

नाग नदी, पिवळी नदी किंवा उघड्या नाल्याकाठी राहणाऱ्यांनी कॉइलचा प्रश्न वेगळा धरावा. सांडपाण्यातून उठणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळे करतो, पुढे बारीक छिद्रे पडतात. 'ब्लू फिन'चा निळा थर ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर असतो. कडेला वळलेली तांब्याची नळी उघडीच राहते. तिथे पूर्ण कॉइलवर लेप असलेले मॉडेल मागावे. वॉरंटीत कॉम्प्रेसरची दहा वर्षे ठळक छापलेली असतात. कॉइल आणि गॅस भरण्याचा खर्च किती वर्षे धरला आहे, ते बारीक अक्षरांत शोधावे. लोकांच्या खिशातून पैसे जातात ते या दोन बाबींवर.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या तुलनेत आपल्या वार्ताहरांनी प्रत्येक कंपनीकडून चार आकडे मागवून छापावेत: ४६ अंशांवरचे थंडाव्याचे वॉट, त्याच वेळी ओढलेली वीज, किमान क्षमता, आणि कॉइल व गॅसची वॉरंटी. जी कंपनी आकडा देणार नाही तिच्या नावासमोर रकाना कोरा ठेवावा. आणि हा तक्ता मेमध्ये नव्हे, फेब्रुवारीतच यावा. बसवणारा मिस्त्री तेव्हा व्हॅक्युम पंप लावायला अर्धा तास देतो.

आपले,
वातानुकूलन व्यवसायातील काही तंत्रज्ञ,
नागपूर