टाळू उघडी आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं

संपादक महोदय,

लहान बाळांच्या तपासणीबद्दल तुमच्या पेपरात येत असतं म्हणून लिहितेय, पत्र जरा लांबलंय पण छापा.

माझा मुलगा एक महिन्याचा असताना त्याला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी टाळू भरता भरता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, हितं मधोमध वरंबा लागतोय बघा हाताला." मी तेलाचं बोट फिरवलं तर खरंच, टाळूच्या मागून थेट मागपर्यंत हाडाची कड. वरून बघितलं तर डोकं लांबुळकं, होडीसारखं. सासूबाई म्हणाल्या मोहरीच्या उशीवर निजव, होईल गोल. दीड महिन्याच्या लसीला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टाळूला हात लावला, म्हणाले टाळू उघडी आहे ना, घेरही नॉर्मल आहे, झोपण्याच्या सवयीने झालं असेल. अडीच महिन्याच्या लसीला तेच, साडेतीनच्या लसीला पण तेच. सातव्या महिन्यात आम्ही दुसरीकडे गेलो, सीटी स्कॅन झाला आणि तेव्हा पहिल्यांदा क्रेनिओसिनोस्टोसिस, म्हणजे कवटीची शिवण वेळेआधी जुळणं, हा शब्द ऐकला.

बाळाच्या कवटीची हाडं शिवणींनी जोडलेली असतात, मेंदू वाढतो तशी ती सरकून जागा देतात. मधली शिवण वेळेआधी जुळली की डोकं रुंदीला वाढत नाही, मग पुढेमागे वाढतं. म्हणूनच टेपने मोजलेला घेर बरोबर येतो आणि पुढची टाळूही उघडी असू शकते, म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आम्हाला धीर दिला त्या दोन्ही या आजारात फसवतात. साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाला हे असतं, त्यातली निम्म्याच्या आसपास मधल्या शिवणीची, आणि त्यात मुलगे जास्त.

तीन-चार महिन्यांच्या आत कळलं तर दोन लहान चिरा देऊन दुर्बिणीतून जुळलेल्या हाडाची पट्टी काढता येते, मग काही महिने दिवसातले 23 तास हेल्मेट. आमची ती वेळ गेली होती. नवव्या महिन्यात मोठं ऑपरेशन झालं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चिर, न्यूरोसर्जन आणि प्लास्टिक सर्जन दोघं मिळून हाडं काढून, आकार देऊन, विरघळणाऱ्या प्लेटांनी परत बसवतात, रक्त चढवावं लागलं. जावळ राहिलं होतं ते आदल्या आठवड्यात घाईघाईत मामाच्या मांडीवर बसवून काढलं. ऑपरेशननंतर दोन दिवस चेहरा इतका सुजला होता की डोळेच उघडेनात, फक्त माझा आवाज आला की हात पुढे करायचा. आता तो तीन वर्षांचा आहे, छान आहे, डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्याच मावशींचं पहिल्या महिन्यात ऐकलं असतं तर एवढं झालं नसतं हे मनातून जात नाही.

आणि एक, मला वर्षभर ऐकवलं गेलं की ग्रहणात तू काहीतरी चिरलं असशील. असं काही नसतं हो. एकच शिवण जुळलेली असते त्यातल्या बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडत नाही, आईने काही केल्याने होत नाही.

दीड, अडीच, साडेतीन महिने, लसीच्या या तिन्ही भेटी दुर्बिणीच्या ऑपरेशनची वेळ जायच्या आत येतात. आशाताई तर 42 दिवसांपर्यंत घरी येऊन जातात. बाळाचं डोकं एकदा वरून बघायचं आणि मधोमध बोट फिरवायचं, अर्धं मिनिट लागतं. (कपाळाच्या मधली हलकी रेघ बऱ्याच बाळांना असते, ती शिवण तशीही पहिल्या वर्षात जुळते, सगळ्यांनी घाबरायचं नाही, पण शंका आली तर न्यूरोसर्जनकडे पाठवा.) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणजे मुलांच्या तपासणीची सरकारी योजना, 2013 साली आपल्या पालघरपासूनच सुरू झाला, त्याच्या जन्मजात व्यंगांच्या यादीत फाटलेला ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष सगळं आहे, कवटीचं मात्र नाव नाही. आरोग्य खात्याने निदान महाराष्ट्रात तरी हे तपासणीत घालावं, आणि आशाताईंच्या ट्रेनिंगला बाळ न्हाऊ घालणाऱ्या बायकांनाही बोलवावं. बाळाच्या डोक्यावरून रोज हात त्यांचाच फिरतो.

– एक आई, ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर), जि. सांगली