बेव्हरिजसाहेबांच्या डोक्यातला किडा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. मी वाजवून पाठवलेली धून तुझ्या ओठांवरून दोन दिवस हलत नाही, हे वाचून फार बरं वाटलं. ‘ही लोकधून कुठल्या खेड्यातली?’ असं तू विचारलंस. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून हे पत्र.

धुनीचं नाव ‘मिस्टर बेव्हरिजेस मॅगट’. मॅगट म्हणजे अळी. आजच्या इंग्रजांना हे नाव विचित्र वाटतं, कारण त्यांच्याकडे त्या शब्दाचा तेवढाच अर्थ उरलाय. सतराव्या शतकात मात्र मॅगट म्हणजे लहर, एकदा शिरली की माणसाला स्वस्थ बसू न देणारी कल्पना. आपण अजूनही म्हणतोच ना, ‘याच्या डोक्यात काय किडा वळवळला’? अर्थ लागला तेव्हा मी वाजवता वाजवता थांबलो. परक्या मुलखातली धून एकदम ओळखीची वाटायला लागली. त्या काळी अशा नावांची टूमच होती: मिस्टर आयझॅकचा मॅगट, जॅकचा मॅगट, लॉर्ड बायरनचासुद्धा. (कवी बायरन नव्हे, तो बऱ्याच नंतर, 1788 मध्ये जन्मला.)

आता खेड्याचं. ही धून पहिल्यांदा छापली गेली ती 1695 साली, लंडनमध्ये, ‘द डान्सिंग मास्टर’ या पुस्तकाच्या नवव्या आवृत्तीत. पुस्तक सुरू केलं जॉन प्लेफर्ड नावाच्या प्रकाशकानं, 1651 मध्ये. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद होऊन दोन वर्षं झालेली, नाटकगृहं 1642 पासून बंद, आणि हा माणूस टेंपल चर्चच्या दारापाशी दुकान थाटून नाचांचं पुस्तक विकतोय! आजूबाजूला वकिलीचं शिक्षण घेणारी तरुण मंडळी, तेच त्याचं गिऱ्हाईक. मी मुद्दाम तिथे जाऊन आलो. चर्च गोल आहे, 1185 मधलं. त्या दाराशी बराच वेळ उभा राहिलो.

पहिल्या आवृत्तीत 105 नाच होते. पानावर वर सुरावट, खाली पावलांच्या सूचना. पुस्तक लहान आणि आडवं, नाच शिकवणाऱ्या मास्तरांना सहज बरोबर नेता येईल असं. या मास्तरांकडे ‘किट’ नावाची चिंचोळी फिडल असायची, चक्क कोटाच्या खिशात मावणारी. तीच काढायची, स्वतः वाजवायची आणि वाजवता वाजवता शिष्यांची पावलं बसवायची. जॉननंतर मुलगा हेन्री यानं पुस्तक वाढवत नेलं. नाटकातल्या चालीही त्यात आल्या. पर्सेल या इंग्रज संगीतकारानं 1695 मध्ये एका नाटकासाठी केलेली हॉर्नपाइप, म्हणजे नाचाची एक चाल, तीनच वर्षांत ‘होल इन द वॉल’ नावाचा नाच होऊन इथे छापली गेली.

म्हणून ‘लोकधून’ म्हटलं की मला जरा खटकतं. जणू ती शेतात आपोआप उगवली. हिच्यावर एका माणसाचं नाव आहे, ते पुसायचं कशाला?

आता तुला खरी गंमत वाटेल ती लयीत. इथल्या नाचाला साथ करताना सहा मात्रा ऐकून मी सरळ दादरा धरला. तीन-तीन. नाचणारे पहिल्याच फेरीत अडखळले. शेजारी फिडल वाजवणाऱ्या आजींनी गज खाली घेतला आणि माझ्या खांद्यावर बोटानं ठोका दिला: एक-दोन, एक-दोन, एक-दोन. तीन जोड्या! एका आवर्तनात तीन पावलं, आणि मधूनच सूर ठोक्याला चकवून पुढे निसटतो. ते कळलं आणि रांगा समोरासमोर सुरळीत सरकू लागल्या. आपण मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून शिकलो. इथे उभ्यानं वाजवताना पाऊल आपोआप हलतं, आणि या धुनीला ते हलणं हवंच असतं.

मधल्या काळात हे नाच मागे पडले होते. सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकानं 1911 मध्ये प्लेफर्डच्या पुस्तकातले नाच पुन्हा छापायला सुरुवात केली आणि लोक परत रांगेत उभे राहू लागले. 1995 च्या बीबीसीच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ मालिकेत नायिका एलिझाबेथ आणि नायक डार्सी या धुनीवरच नाचतात. कादंबरी 1813 ची, म्हणजे त्या दोघांसाठी ही पणजोबांच्या काळातली चाल. जाणकार यावर नाक मुरडतात. मला नाही तसं वाटत. बरोबर तीनशे वर्षांनी ती घराघरांत ऐकली गेली, हे केवढं मोठं आहे!

सोबत सरगम लिहून पाठवतोय. गंधार कोमल घे, आणि जोड्या मोजताना हवं तर टाळी दे. दुसऱ्या भागात माझा गज अजून घाईला येतो. तू तिथे कसा घेतोस ते वाजवून पाठव.

काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझाच,
जुना व्हायोलिनवाला