बेचाळीस प्रश्नांच्या बदल्यात

अंबाजोगाई,
9 फेब्रुवारी

प्रिय भावड्या,

तुझं पाकीट मिळालं. लातूरला बूड टेकवलंस, बरं झालं. विद्यापीठाच्या होस्टेलात रात्री दोनला उठवून "एक विचारू का?" म्हणणाऱ्या माणसाला आता प्रश्न विचारायचा पगार मिळतोय, याचं लई हसू आलं.

प्रश्नावली वाचली. बेचाळीस प्रश्न. "पीडितांकडं जायच्या आधी दुरुस्त करून पाठव" म्हणालास. दुरुस्त करत नाही. एका बाईची गोष्ट सांगतो, नाव-गाव सोडून. तिच्यात काय ते तुला सापडेल.

इथून तासाभराच्या अंतरावरचं खेडं. बांधाचा वाद, भाऊबंदकी, आणि तीन वर्षांपूर्वी ऐन थंडीत एका रात्री तिच्या नवऱ्याचा शेतात खून झाला. तेव्हा मी चार ओळींची बातमी दिली होती. वर्ष-दीड वर्षानं नीट बोलायला गेलो. विचारलं, "त्या दिवशी काय झालं?" तर बाई सुरू झाली गाभण गाईपासून. मग धाकट्याचा ताप. मग जळालेला डीपी. मी वहीवर पेन आपटत बसलेलो. दोनदा मधे तोडलंही, "बरं, मग रात्री?" दोन्ही वेळेस ती गप झाली आणि पुन्हा गाईवर आली.

तिसऱ्यांदा मी तोंड मिटून बसलो. त्या हप्त्यात शेतीची लाइट रात्रीची होती. मोटार चालू करायला बारा वाजल्यानंतरच जावं लागायचं. रोज ती बॅटरी धरून सोबत जायची. त्या रात्री गाय व्यायला टेकली होती म्हणून ती घरी थांबली आणि तो एकटा गेला. मी ज्याला फापटपसारा समजत होतो, तिच्यासाठी खून तिथंच सुरू होत होता.

फिशर आणि गाइझेलमन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980च्या दशकात साक्षीदारांशी बोलायची एक पद्धत बसवली. माणसाला मनानं त्या जागी परत जाऊ द्यायचं, क्षुल्लक वाटेल तेही सांगू द्यायचं, मधे तोडायचं नाही. मला ते त्या बाईच्या ओट्यावर बसून कळलं, तेही दोनदा चुकल्यावर.

पुढं फिर्यादीची नक्कल हाती आली. "रात्रौ 00.30 वा.चे सुमारास माझे पती हे शेतात गेले असता..." लाइट नाही, गाय नाही, बॅटरी नाही. शेवटी ते ठरलेलं वाक्य: "तो मी वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे." त्याखाली डाव्या हाताचा अंगठा. अक्षर न येणाऱ्या बाईनं वाचून पाहिला, हे कुणालाच खटकलं नाही.

उलटतपासात आरोपीच्या वकिलानं नेमकं तेच धरलं. एवढ्या रात्री शेतात कशाला गेला होता? ती म्हणाली, लाइट रात्रीची होती. हे फिर्यादीत सांगितलं होतं का? सांगितलं होतं. मग लिहिलेलं का नाही? ते मला कसं ठावं. कोर्टात याला ओमिशन म्हणतात. महत्त्वाची गोष्ट आधीच्या जबाबात नसली, तर तीही विसंगती धरता येते. बाहेर आल्यावर तिनं मला विचारलं, "दादा, मी खोटी पडले का?" काय सांगायचं, भावड्या? मी चहा सांगितला.

पोलीस ठाण्याला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. मीही घातल्या असत्या, पण पुढं एकदा ती फिर्याद टाइप करणारा रायटर भेटला. म्हणाला, "तिकडं बॉडी पडलेली, बाहेर दोनशे माणूस, साहेबाचे फोनावर फोन, आणि बाई गाय-गाय करायलीय. ती पाव तास नुसती रडली. ते कुठं टाइप करायचं, तुम्हीच सांगा." मग जरा वेळानं आपणहून बोलला, "कालवड झाली होती तिला." फिर्यादीत न आलेली गाय तीन वर्षं त्याच्या डोक्यात होती. तू पोलीस, डॉक्टर, समुपदेशक यांच्याशीही बोलणार आहेस ना? त्यांना "किती केसेस हाताळल्या?" विचारलंस की ते रजिस्टर काढतील, आणि मुलाखत तिथंच संपेल. त्यांच्याकडं असलं न टाइप केलेलं असतं. आमच्या ओळखीच्या एक ताई सखी केंद्रात, म्हणजे अत्याचार झालेल्या बायकांच्या मदत केंद्रात, आहेत. तीन भेटी झाल्या तरी योजनांचीच माहिती देत होत्या. चौथ्यांदा मी वही काढलीच नाही, तेव्हा म्हणाल्या, "घरी गेले की आधी भांडी घासते. मोठ्यानं आवाज करत. सासूबाईंना वाटतं मी रागात आहे."

आता माझ्या चुका ऐक. तुला त्या बेचाळीस प्रश्नांपेक्षा त्या जास्त कामाला येतील.

पहिली. दुसऱ्या एका गावात, अत्याचाराच्या प्रकरणात, मी मोटारसायकल थेट त्यांच्या दारात लावली. पुढं ठळक 'प्रेस'. बातमीत नाव दिलं नाही म्हणून मी निर्धास्त, आणि संध्याकाळपर्यंत पारावर चर्चा. पूर्वीचं दंड संहितेचं 228 अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 72, पीडितेचं नाव छापायला बंदी करतं हे आपल्याला पाठ असतं. पण 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं निपुण सक्सेना प्रकरणात सांगितलं, की ओळख पटेल असा दूरान्वयानंही तपशील द्यायचा नाही. नऊशे वस्तीच्या गावात "ऊसतोड कामगाराची मुलगी, दहावीत शिकणारी" एवढं लिहिलं की झालं. तुझ्या अहवालात जात, वय, तालुका असे रकाने आहेत. ते एकत्र ठेवून बघ, बाई दिसायला लागते. आणि मूल असेल तर त्याला तू काहीच विचारू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठीच्या पोक्सो कायद्यानं मुलाचा जबाब घेताना पोलिसालासुद्धा गणवेश उतरवायला लावलाय, आपण कोण लागून गेलो?

दुसरी चूक जास्त बोचते. गाईवाल्या बाईला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "मनोधैर्य योजनेतून पैसे मिळतील." ती भाड्याचे पैसे उसने घेऊन दोनदा बीडला जाऊन आली. मनोधैर्य 2013 पासून आहे खरी, पण ती बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठी. खुनात नवरा गेलेल्या बाईचा रस्ता वेगळा, पीडित भरपाई योजनेचा. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं. लोक आपल्याला प्रश्न विचारणारा समजत नाहीत रे, वरून आलेला माणूस समजतात. तेव्हा खात्री नसेल ते बोलू नकोस, आणि खात्री आहे ते जरूर सांग. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. 1 जुलै 2024 पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणं तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत पोलिसांनी कळवायचं असतं. यातलं निम्मं कुणी त्यांना सांगितलेलं नसतं.

आणि दलित वस्तीत गेलास तर आधी पाणी पी. तुझ्या ओळखपत्राकडं नंतर बघतात, तांब्या हातात घेतलास का ते आधी बघतात.

तुझं वेळापत्रकही चुकलंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये केज, धारूर, वडवणीकडं जाऊन कोण भेटणार तुला? गावात म्हातारे आणि कुत्री. बाकी सगळे ऊसतोडीच्या फडावर. गाईवाल्या बाईची कोर्टातली पहिली तारीखही अशीच हुकली होती. समन्स घेऊन शिपाई घरी गेला, दाराला कुलूप, "मिळून आली नाही" असा शेरा मारून परत. ती तेव्हा सांगलीकडं ऊस तोडत होती. नवरा होता तोवर ती कधी तोडीला गेली नव्हती. आता भावाच्या टोळीत जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर. एकट्या बाईला मुकादम काय देणार? "मी आता अर्धा कोयता," असं ती म्हणाली, आणि मी ते तसंच लिहून ठेवलंय. तूही तसंच लिही. अहवालात त्याचं "विधवा महिला मजूर" करू नकोस, नाहीतर रायटरमध्ये आणि तुझ्यात फरक काय राहिला?

पाडव्यानंतर ये. कारखान्यांचे पट्टे पडले, गाळप थांबलं, की टोळ्या परततात. मी आधी एकटा जाऊन तिला विचारून येईन. नको म्हणाली तर नको, मग आपण नुसते मुकुंदराजाच्या समाधीला जाऊन बसू. हो म्हणाली तर एसटीनं जाऊ, फाट्यावर उतरून चालत. प्रश्नावली लातूरलाच ठेव. विचारण्यासारखं एवढंच आहे, की कालवड आता केवढी झाली.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
भाऊ