नाव टाकण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस आणि मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय. तुझ्या दुहेरी वेणीच्या कोल्हापुरी चपलेचं डिझाइन त्या दुकानदाराने जसंच्या तसं उचललं, आणि तू त्याचं नाव, दुकानाचा फोटो, सगळं इन्स्टाग्रामवर टाकणार आहेस.

तुझा राग खरा आहे. कोर्टाची पायरी आपल्याला परवडत नाही आणि डिझाइन तू नोंदवलेलंही नाहीस. चारचौघांत लाज काढणं, एवढंच हत्यार हातात उरतं. ते चालतं, हे आपण पाहिलंय. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल आणली, कोल्हापूरचं नाव कुठेच नाही. आपल्याला २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण जीआय नाव राखतं, घाट राखत नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका टिकली नाही. लोकांनी मात्र इतका गदारोळ केला की कंपनीला मूळ मान्य करावं लागलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटून गेली, डिसेंबरात चर्मोद्योग महामंडळाशी करार झाला. त्या दिवसांत मीही रात्र रात्र फोन बघत बसायचो.

पण प्राडाकडे वकील होते, बोलायला माणसं होती. एका गाळेवाल्याकडे काय असतं?

तुला कधी सांगितलं नाही. तू लहान असताना मी एका कारागिराला भर बैठकीत चोर म्हटलं. माझ्या चपलेचा कान, म्हणजे बाजूची पट्टी, आणि माझी वेणी त्याने घेतली असं मला वाटलं. नंतर कळलं, आम्ही दोघंही ती एकाच म्हाताऱ्या कारागिराकडे बघून शिकलो होतो. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. बैठकीतले वीस जण काही माझ्याबरोबर आले नाहीत. त्याला पुढे गल्लीत कुणी काम दिलं नाही. तेव्हा फोन नव्हते, तरी एवढं झालं.

म्हणून आधी त्याला स्वतः विचार. दोन दिवस थांब. तुझं कागदी फर्मं, म्हणजे चपलेचा नमुना, ज्यावर तू तारीख घातली होतीस, ते माझ्या ट्रंकेत आहे. उद्याच्या एसटीने पाठवतो. त्याने उडवून लावलं तर फर्म्याचा आणि त्याच्या चपलेचा फोटो शेजारी शेजारी टाक. त्याच्या घरच्यांविषयी, जातीविषयी खाली कुणी लिहिलं तर ते तूच पुसायचं. मग मीही माझ्या नावाने तुझ्या बाजूने लिहीन.

आई डबा भरतेय, तोही पार्सलमध्ये घालतो.

तुझे,
बाबा