वेल ड्रेसिंगसाठी हातांचे आणि निधीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

डर्बीशरमधील आपल्या गावात दर ऑगस्टअखेर विहिरी पाकळ्यांच्या चित्रांनी सजतात, म्हणजेच वेल ड्रेसिंग होते, हे डर्बी-नॉटिंगहॅमच्या मराठी मंडळींना नव्याने सांगायला नको. बहुतेकांनी तिथे उभे राहून फोटो काढलेले आहेत.

प्रथम ऋणनिर्देश. कोठारवाल्या आजोबांनी बावीस वर्षे आपले कोठार एक पैसाही न घेता दिले आणि ज्या लाकडी फळ्यांवर माती थापून चित्र करतात, त्या भिजवण्यासाठी स्वतःच्या ट्रॅक्टरने तळ्यावर नेल्या. मुख्याध्यापिकाबाई निवृत्तीनंतरही चित्राचा कागद ओल्या मातीवर अंथरून टाचणीने रेघा टोचून देतात. चिकणमातीत मीठ मळणे, ऑल्डर झाडाच्या काळ्या बोंडांनी कडा आखणे आणि पाऊस निथळावा म्हणून पाकळ्या कौलांसारख्या खालून वर चढवत नेणे, हे सारे त्यांनीच शिकवले. आपल्या महिलांनी पहिली फळी केली, तेव्हा त्यांचा रांगोळीचा हात पाहून आजोबा बराच वेळ तिथेच उभे राहिले होते.

बाहेरच्यांनी परंपरेत हात घालावा का, अशी कुजबुज तेव्हा झाली होती. डर्बीशरमधल्याच टिसिंग्टन गावाची प्रथा १३४९ च्या महामारीशी जोडली जाते हे खरे. पण जवळच्याच वर्क्सवर्थ गावात १८२७ साली नळाचे पाणी आले, त्या आनंदात लोक नळच सजवू लागले. त्या काळची नवी सोयच तिथे परंपरा झाली, मग आपणच परके कसे?

आज अडचण वेगळी आहे. चौकाभोवतीची निम्मी घरे सुट्टीच्या भाड्याची झाली, खाणकामगारांची कुटुंबे पांगली, आणि पाहुण्यांच्या खिशात रोकड नसल्याने दानपेटी रिकामी राहते. गेल्या वर्षी आपल्या गटावर चाळीस घरांनी होकाराचे अंगठे टाकले; गुरुवारी रात्री कोठारात तिघेच आले. गणपतीच्या जेवणाला मात्र पाने पुरत नाहीत, हे लिहिताना वाईट वाटते.

दोन फळ्या कुजल्या आहेत आणि कार्डयंत्र घ्यायचे आहे. त्यासाठी दहा पौंडांपासून पुढे यथाशक्ती द्यावे, खात्याचा तपशील नेहमीच्या पत्रकामागे आहे. माती सोमवारी, पाकळ्या बुधवार ते शुक्रवार संध्याकाळी सहापासून, मुले चालतील, जुने कपडे घालावेत, गाडी चर्चमागे लावावी.

आपला नम्र,
चिटणीस, वेल ड्रेसिंग समिती

ता. क. : बागेतली हायड्रेंजियाची फुले बुधवारपर्यंत तोडू नयेत. निळा रंग दरवर्षी कमी पडतो.