पिन बसते म्हणून मोटरवाल्या दुर्बिणीला कुठलाही अडॅप्टर लावू नका

मा. संपादक,

दुर्बीण कोणती घ्यावी, आरसा केवढा असावा, सुरुवात चंद्रापासून करावी की ग्रहांपासून, ह्यावर पेपरात अधूनमधून छान लेख येतात आणि मी ते आवडीने वाचतो, पण मोटरवाल्या माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या आणि फिरवणाऱ्या स्टँडला, वीज कुठून आणि कशी द्यायची ह्यावर दोन ओळीसुद्धा वाचल्याचं आठवत नाही. हल्ली नवीन लोक थेट गोटू माउंटच घेतात, म्हणजे हँड कंट्रोलरवर शनी निवडला की दुर्बीण आपोआप फिरून शनीवर जाते आणि पृथ्वी फिरत राहिली तरी त्याला नजरेत धरून ठेवते. हे सगळं चालतं माउंटच्या आतल्या छोट्याशा सर्किट बोर्डच्या जिवावर, आणि सप्लाय चुकला तर तो बोर्ड क्षणात जळतो. बरं नुकसान तेवढ्यावरच थांबतं असंही नाही, बॅटरीची वायर शॉर्ट झाली तर आग लागू शकते आणि रात्री दव पडत असताना मेन लाईनचं एक्स्टेंशन उघड्यावर ओढलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिला घोळ त्या गोल पिनचा. राउटरचा अडॅप्टर, सीसीटीव्हीचा, एलईडी पट्टीचा, कित्येक लॅपटॉपचासुद्धा, बऱ्याच जणांची पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरचीच असते, पण एक ९ व्होल्ट देतो, एक १२, एक १९, एक २४. पिन आत गेली, लाईट लागला म्हणजे जमलं असं लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. बहुतेक हौशी माउंट १२ व्होल्ट डीसीवर चालतात हे खरं, पण सगळी नाही, काही मोठी माउंट १८ किंवा २४ व्होल्टची असतात, आणि १२ वाल्यांमध्येही कोण किती सहन करेल ते वेगवेगळं. स्काय-वॉचरच्या ईक्यू६ सारख्या माउंटला ११ ते १६ व्होल्ट चालतात, म्हणजे लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तर आपण मर्यादेच्या ३ व्होल्ट वर गेलो. आधी माउंटच्या सॉकेटशेजारी आणि मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचायचं, मग अडॅप्टरच्या लेबलवर आउटपुटसमोर काय लिहिलंय ते, आणि दोन्ही जुळल्याशिवाय पिन हातात घ्यायचीच नाही.

पिनच्या आतलं भोकपण बघा, ते कधी २.१ मिलिमीटरचं असतं कधी २.५ चं. मोठ्या भोकाची पिन सॉकेटमधल्या छोट्या काडीवर सैल बसते, चालल्यासारखी वाटते, आणि मग मधेच माउंट फिरताना केबलला जरासा ओढा बसला की कॉन्टॅक्ट सुटतो, कंट्रोलर रीस्टार्ट होतो आणि ताऱ्यांवर केलेली सगळी अलाइनमेंट, म्हणजे माउंटला दाखवलेली आकाशाची दिशा, गेली, परत पहिल्यापासून. खूप जण ह्याला माउंटचा दोष समजतात.

तिसरी गोष्ट प्लस-मायनस. बहुतेक माउंटमध्ये पिनच्या मधल्या भागाला प्लस आणि बाहेरच्या कड्याला मायनस लागतो, पण उलटे अडॅप्टरसुद्धा मिळतात आणि पिन बघून काहीही कळत नाही. लेबलवर एक ठिपका आणि त्याभोवती अर्धा गोल असं छोटं चित्र असतं, ठिपक्याकडून निघालेली रेघ प्लसकडे जाते की मायनसकडे ते बघायचं. काही माउंटमध्ये उलट जोडणीपासून संरक्षण असतं, सगळ्यात नसतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. बॅटरीला स्वतः वायर जोडणाऱ्यांनी तर हे दोनदा तपासावं, कारण तिथे लेबल नसतंच. साधा मल्टीमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या आत आणि काळं बाहेरच्या कड्याला, आकड्यापुढे वजा चिन्ह आलं तर ती पिन उलटी आहे.

आता अँपिअर, ह्याची भीती लोकांना उगाच वाटते. ५ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर २ अँपिअरचं माउंट जळेल का असं मला कितीतरी जणांनी विचारलंय. नाही जळणार. टाकी मोठी असली म्हणून नळातून जास्त पाणी येत नाही, नळ जेवढा उघडाल तेवढंच येतं, नळ फुटतो तो टाकी फार उंचावर असली तर, आणि ती उंची म्हणजे व्होल्ट. अँपिअर जास्त असलेले चांगलेच, कमी असले की त्रास. नुसतं ट्रॅकिंग चालू असताना माउंट थोडाच करंट घेतं, पण दोन्ही मोटर एकदम फुल स्पीडने फिरायला लागल्या की गरज एकदम वाढते आणि राउटरचा १ अँपिअरचा अडॅप्टर तिथे दमतो, व्होल्टेज खाली बसतं. सेलेस्ट्रॉनच्या कंट्रोलरवर अशा वेळी 'नो रिस्पॉन्स' असा मेसेज येतो, काही माउंटवर पॉवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो, आणि लोक सॉफ्टवेअर अपडेट करत बसतात. असा मेसेज आला की आधी सप्लायकडे संशयाने बघा.

अडॅप्टरवर १२ लिहिलंय म्हणजे १२ च येतात असंही नाही. जुने जड, आत नुसता ट्रान्सफॉर्मर असलेले अनरेग्युलेटेड अडॅप्टर लोड नसताना १६-१७ व्होल्टसुद्धा दाखवतात आणि लोड आला की खाली येतात. माउंटला रेग्युलेटेड, म्हणजे लोड बदलला तरी व्होल्टेज स्थिर ठेवणारा सप्लायच हवा. हल्लीचे हलके एसएमपीएस (स्विचिंग) अडॅप्टर बहुतेक रेग्युलेटेड असतात, पण माउंटला लावायच्या आधी एकदा मोजून बघायला काय जातं.

बॅटरीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण अंधाऱ्या जागी जाणाऱ्यांना तोच पर्याय असतो आणि खरं सांगायचं तर माझ्या मते बाहेरच्या वापराला बॅटरीच सगळ्यात सुरक्षित, मेन लाईनचा संबंधच येत नाही. माउंटच्या आतल्या ८ पेन्सिल सेलवर विसंबू नका, ८ साधे सेल मिळून १२ व्होल्ट होतात पण मोटर चालवताना लवकर उतरतात, आणि रिचार्जेबल सेल घातले तर प्रत्येकी १.२ प्रमाणे सुरुवातच ९.६ ने होते. सील्ड लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना साधारण १२.७ व्होल्ट दाखवते आणि अर्धी झाली की १२.१-१२.२ वर येते, त्याच्या खाली वारंवार उतरवली तर तिचं आयुष्य कमी होतं. म्हणजे ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर हिशोब साडेतीनचाच धरा, माउंट सरासरी १ अँपिअर घेत असेल तर साडेतीन तास, थंडीत त्याहून कमी. लिथियम आयर्न फॉस्फेटची, चार सेलची, नाममात्र १२.८ व्होल्टची बॅटरी हलकी असते आणि जवळजवळ संपेपर्यंत व्होल्टेज एकसारखं देते, बजेट असेल तर मी तीच सुचवीन, फक्त शून्य अंशाच्या खाली तिला चार्ज करायचं नाही आणि चार्जर तिचाच वापरायचा. साधे लिथियम-आयन पॅक मात्र जपून घ्या. १४.८ व्होल्ट लिहिलेला चार सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर १६.८ असतो, म्हणजे १६ ची मर्यादा ओलांडली, आणि ११.१ वाला तीन सेलचा पॅक १२.६ ला सुरू होऊन अर्ध्या रात्रीतच ११ च्या आसपास घुटमळतो.

पॉवर बँकवर लिहिलेल्या मिलिअँपिअर-अवरच्या आकड्याला भुलू नका, तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. २०,००० लिहिलं असेल तर ते ७४ वॉट-अवर, १२ व्होल्टवर जेमतेम ६ अँपिअर-अवर, शिवाय रूपांतरात थोडं जातंच. आणि टाइप-सीच्या ट्रिगर केबल, म्हणजे चार्जरकडून ठरावीक व्होल्टेज मागून घेणाऱ्या केबल वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, यूएसबी पॉवर डिलिव्हरीचे नेहमीचे टप्पे ५, ९, १५ आणि २० व्होल्टचे आहेत, १२ देणं सक्तीचं नाही, त्यामुळे चार्जर १२ देत नसेल तर केबल ९ वरच अडकू शकते आणि ट्रिगर चुकून २० वर सेट असेल तर काय होईल ते सांगायला नको. मोजल्याशिवाय लावू नका. गाडीच्या लायटर सॉकेटवर माउंट चालतं, पण माउंट जोडलेलं असताना गाडी स्टार्ट करू नका, त्या क्षणी व्होल्टेज खाली-वर होतं.

वायर हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बारीक, अर्ध्या स्क्वेअर एमएमची ५ मीटर वायर, जाऊन-येऊन १० मीटर, तिचा रेझिस्टन्स होतो साधारण ०.३४ ओहम, ३ अँपिअर घेतले की १ व्होल्ट वायरमध्येच खर्च. बॅटरी १२.१ वर असेल तर माउंटपर्यंत ११ च पोचतात. दीड स्क्वेअर एमएमची वायर घेतली तर हाच तोटा एक तृतीयांश होतो. वायर आखूड आणि जाड असावी, आणि माउंटजवळ थोडी ढील ठेवून ट्रायपॉडला बांधावी, नाहीतर दुर्बीण फिरताना वायर गुंडाळली जाते किंवा अंधारात कुणाचा तरी पाय अडकतो.

आणि फ्यूज. ह्यावर मी अडून बसेन. बॅटरी छोटी दिसते म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात, पण दोन टोकं एकमेकांना चिकटली तर छोट्या बॅटरीतूनही शेकडो अँपिअर वाहू शकतात, वायरचं प्लास्टिक वितळायला फार वेळ लागत नाही. प्लसच्या वायरवर, बॅटरीच्या टोकाच्या जितक्या जवळ जमेल तितक्या जवळ फ्यूज बसवा, माउंटजवळ नाही, कारण मधल्या वायरचं संरक्षण व्हायला हवं. माउंट जास्तीत जास्त ४ घेत असेल तर ५ अँपिअरचा फ्यूज. सारखा उडतोय म्हणून १५ चा घालणं किंवा चांदी गुंडाळणं म्हणजे फ्यूज नसल्यासारखंच, आधी का उडतोय ते शोधा. बॅटरी डब्यात ठेवत असाल तर तिची टोकं झाकलेली असू द्या, आणि लेड-ॲसिड चार्ज करताना बंद डब्यात ठेवू नका, हायड्रोजन बाहेर पडतो.

घराजवळ मेन लाईनवरून चालवायचंच असेल तर अडॅप्टर घरात किंवा छताखाली कोरड्या जागी ठेवा आणि तिथून जाड वायरने १२ व्होल्ट बाहेर आणा, मेन लाईनचा बोर्ड गवतावर नको. ज्या पॉइंटवरून घेताय त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, आहे का बघा आणि त्याचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का तेही बघा. दव दिसत नाही पण पहाटेपर्यंत अडॅप्टरवरून थेंब ओघळतात.

फोटो काढणाऱ्यांसाठी अजून एवढंच, दव हीटर (भिंगावर दव धरू नये म्हणून गुंडाळायची गरम पट्टी) आणि सेन्सर थंड ठेवणारा कॅमेरा माउंटपेक्षा जास्त वीज खातात, शिवाय हीटर सारखा चालू-बंद होत असतो, त्यांना शक्यतो वेगळी बॅटरी द्या. सगळ्या केबल आधी जोडा आणि मग पॉवर चालू करा, चालू पॉवरवर कंट्रोलर किंवा लॅपटॉपची केबल काढ-घाल करू नका.

संपादकसाहेब, माझी विनंती अशी की पुढच्या वेळी दुर्बीण खरेदीवर लेख छापाल तेव्हा आरशाचा व्यास आणि फोकल लेंथच्या तक्त्यात तीन रकाने वाढवा: किती व्होल्ट, किती अँपिअर, आणि मधली पिन प्लस की मायनस. विक्रेत्यांनीही अडॅप्टर बरोबर देत नसतील तर ह्याच तीन गोष्टींचं स्टिकर माउंटच्या सॉकेटशेजारी मोठ्या अक्षरात लावून द्यावं, मॅन्युअलच्या शेवटच्या पानावरची बारीक ओळ अंधारात कुणी शोधत नाही.

आपला,
एक नियमित वाचक आणि आकाशनिरीक्षक